पॅकेजिंगचे ऑटोमॅटिक चेक किती कडक ठेवायचे? आधी हे ठरवा, मग सीआय लावा

रेपो, म्हणजे पॅकेज केलेल्या सॉफ्टवेअरचा साठा, सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच, की लिंटियन किंवा आरपीएमलिंट (पॅकेजमधल्या चुका शोधणारी टूल्स) सीआयमध्ये, म्हणजे बदल आला की आपोआप चालणाऱ्या बिल्ड-टेस्टच्या पाइपलाइनमध्ये टाकलं खरं, आता त्याने एरर दिली की अपलोड थेट अडवायचं का नुसतं दाखवून सोडून द्यायचं. बरेच जण पहिल्या उत्साहात सगळंच अडवायला लावतात, मग थोड्या दिवसांत लोक वैतागतात, कोणीतरी चेकच बंद करून टाकतं, आणि जे खरंच अडवायला हवं होतं तेही त्यानंतर बिनबोभाट आत येतं. दुसरीकडे असेही रेपो आहेत जिथे प्रत्येक बिल्डला दोन-तीनशे वॉर्निंग येतात आणि त्या कोणी म्हणजे कोणी वाचत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. अपलोड अडवायचा अधिकार मशीनला फक्त तिथेच द्या जिथे नियमही पक्का आहे आणि तो मोडला हे ओळखण्यात मशीनही पक्कं आहे, बाकी सगळीकडे माणसाला कारण लिहून पुढे जायची वाट ठेवा, आणि ते कारण सगळ्यांना दिसू द्या. हे करायचं कसं ते खाली सांगतोय. उदाहरणं मुख्यतः डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्यूशनची (थोडक्यात डिस्ट्रोची) घेतलीयेत कारण त्यांच्याकडे हा प्रकार खूप जुना आहे (लिंटियन १९९८ पासून आहे) आणि त्यांचे नियम, याद्या, भांडणं सगळं उघड्यावर असतं.

आधी नियम वाचा, टूल नंतर

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. लोक टूलच्या आउटपुटलाच नियम समजतात. लिंटियन म्हणजे पॉलिसी नव्हे, पॉलिसी वेगळी लिहिलेली आहे आणि त्यात शब्द तोलून वापरलेत. काही गोष्टी "करायलाच हव्यात", त्या मोडल्या तर गंभीर बग. काही "करायला हव्यात", मोडल्या तर बग आहेच पण त्यापायी पॅकेज बाहेर काढत नाहीत. आणि काही "केल्यात तर चांगलं" एवढ्याच. उदाहरणार्थ, प्रत्येक पॅकेजसोबत कॉपीराइट आणि लायसन्सची फाइल असणं सक्तीचं. पॅकेजने यूएसआर-लोकलमध्ये फाइल टाकायची नाही, तेही सक्तीचं, कारण ती जागा मशीनच्या मालकाची, डिस्ट्रोने तिथे हात घालायचा नसतो. पण प्रत्येक प्रोग्रामला मॅन पेज (वापराची माहिती देणारं पान) असावं हे मधल्या गटातलं. मॅन पेज नसलेलं पॅकेज अपुरं आहे, ते भरून काढायलाच पाहिजे, पण त्यासाठी सिक्युरिटी फिक्सवालं अपलोड परत पाठवलंत तर तुम्ही युजरचं नुकसान करताय.

डेबियनमध्ये तर याच्या वर अजून एक थर आहे, कुठला बग रिलीजला आडवा येतो हे शेवटी रिलीज टीम ठरवते. म्हणजे पॉलिसी लिहिणारे, टूल लिहिणारे आणि रिलीज काढणारे ही तीन वेगवेगळी माणसं, आणि हे वेगळेपण जपण्यासारखं आहे. टूल लिहिणाऱ्याला नवा चेक सुचला म्हणून तो आपोआप नियम झाला असं होता कामा नये.

तुमचा रेपो छोटा असेल, कंपनीतला किंवा कॉलेजच्या ग्रुपचा, तरी एक पानभर नियम लिहा. साध्या भाषेत. कुठला नियम सक्तीचा, कुठला नाही. हे पान नसेल तर कडकपणाची चर्चा दर वेळी "मला असं वाटतं" वर येऊन थांबते.

मग बघा टूलला किती खात्री आहे

लिंटियन प्रत्येक प्रकारच्या चुकीला एक नाव देतं, त्याला टॅग म्हणतात; पूर्वी प्रत्येक टॅगला दोन गोष्टी लावलेल्या असायच्या, एक म्हणजे प्रकरण किती गंभीर आणि दुसरी म्हणजे आपली खात्री किती, नक्की, शक्यता आहे, की नुसता अंदाज. पुढे ही खात्रीची पट्टी काढून टाकली आणि एरर, वॉर्निंग, इन्फो, पेडँटिक (अगदी बारीकसारीक) असे सरळ स्तर राहिले. वापरायला ते सोपं झालं हे मान्य, पण चेक कडक करताना मनात ही दुसरी पट्टी ठेवाच, कारण गंभीर आणि खात्रीशीर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पॅकेजला व्हर्जन फील्डच नाही, मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा माणूस) फील्ड नाही, पॅकेजच्या नावात कॅपिटल अक्षर आहे, असल्या गोष्टीत मशीन चुकत नाही, असेल तर आहे, नसेल तर नाही. अडवा, बिनधास्त.

आता दुसरं टोक. जावास्क्रिप्टची मिनिफाय केलेली (आकार कमी करायला मोकळ्या जागा वगैरे काढून टाकलेली) फाइल सोर्स पॅकेजमध्ये आहे पण तिचा मूळ सोर्स नाही, हे मुक्त सॉफ्टवेअरच्या दृष्टीने गंभीरच, कारण जे माणसाला वाचता-बदलता येत नाही त्याला सोर्स कसं म्हणणार. पण मशीन हे ओळखतं कशावरून, तर बऱ्याचदा ओळ फार लांब आहे यावरून, आणि लांब ओळ तर हाताने लिहिलेल्या डेटा फाइलमध्येही असू शकते, टेस्टसाठी मुद्दाम ठेवलेल्या फाइलमध्येही असू शकते. म्हणजे प्रकरण गंभीर पण खात्री मध्यम. हे थेट अडवलंत तर प्रामाणिक माणूस अडकतो आणि त्याला काही उपायच राहत नाही.

हार्डनिंगच्या, म्हणजे प्रोग्राम हल्ल्यांपुढे टिकेल असा बिल्ड केलाय का याच्या चेकचंही तसंच. बायनरीत (कंपाइल झालेल्या प्रोग्रामात) फोर्टिफाय केलेली, म्हणजे जास्तीची तपासणी घातलेली फंक्शन्स सापडली नाहीत म्हणून टॅग येतो, पण त्या प्रोग्रामात फोर्टिफाय करण्यासारखं काही नसेलच तर सापडणार कुठून. बिल्ड लॉग उघडून कंपायलरला फ्लॅग गेलेत का हे बघणं जास्त भरवशाचं, त्यासाठी बीएलएचसी नावाचं वेगळं टूल आहे, ते लावा.

मला सगळ्यात जास्त शिकवून जाणारं उदाहरण वाटतं ते जेसन (JSON) लायसन्सचं. त्यात एक वाक्य आहे, की हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरायचं, वाईटासाठी नाही. ऐकायला छान, पण कोणत्या कामासाठी वापरायचं यावर बंधन घातलं की ते डेबियनच्या व्याख्येत मुक्त राहत नाही, आणि डेबियन ते मुक्त मानतही नाही. वाक्य ठरलेलं असल्यामुळे मशीन ते बरोबर पकडतं आणि लिंटियनमध्ये त्यासाठी खास टॅगही आहे. मग अडवावं ना? अडवावं, पण समजा कोणी लायसन्स ओळखणारं टूलच पॅकेज करतंय आणि त्याच्या टेस्ट डेटात शेकडो लायसन्सचे मजकूर आहेत, त्यात हेही वाक्य असणारच. म्हणून इतक्या पक्क्या चेकलासुद्धा एक दार लागतं.

डेबियनने काय केलं

ऑक्टोबर २००९ मध्ये डेबियनच्या एफटीपी मास्टर टीमने, जी पॅकेजचा मुख्य साठा म्हणजे आर्काइव्ह सांभाळते, जाहीर केलं की आता काही लिंटियन टॅग असले तर आर्काइव्ह अपलोड आपोआप रिजेक्ट करेल. यात बारकाईने बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी "सगळ्या एरर रिजेक्ट" असं केलं नाही. निवडक टॅगच्या दोन याद्या केल्या. पहिल्या यादीतला टॅग आला तर मेंटेनर ओव्हरराइड करू शकतो, म्हणजे "हो, मला माहितीये, इथे हे बरोबर आहे" असं पॅकेजमध्ये नोंदवून परत अपलोड करू शकतो. दुसऱ्या यादीत ओव्हरराइड चालत नाही, दुरुस्त करा मगच आत.

बायनरी स्टॅटिक लिंक केलेली असणं, म्हणजे लायब्ररीचा कोड तिच्या आतच भरलेला असणं, हा पहिल्या यादीचा जातिवंत नमुना. ९९ टक्के वेळा ती चूक असते, लायब्ररीत सिक्युरिटी फिक्स आला तरी स्टॅटिक बायनरीत जुनाच कोड राहतो. पण बिझीबॉक्स-स्टॅटिक सारखं पॅकेज असतंच मुळी सिस्टिम बिघडल्यावर लायब्ररीविना चालण्यासाठी. मशीनला हेतू कळत नाही. माणसाला कळतो, म्हणून माणसाने लिहून द्यायचं.

आणि या याद्या एका साध्या फाइलमध्ये, कोणालाही वाचता येतील अशा ठेवल्या. हे फार महत्त्वाचं. आपलं अपलोड का परत आलं हे कळायला कोणाच्या ओळखीची गरज पडू नये.

फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोची पद्धत वेगळी आहे. तिथे नवीन पॅकेजच्या रिव्ह्यूत आरपीएमलिंट चालवून त्याचं आउटपुट रिव्ह्यूमध्ये टाकायचं, आणि त्यातलं काय खरं काय फालतू हे रिव्ह्यू करणारा बघतो. छोट्या टीमने इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

आता तुमच्याकडे कसं लावायचं

पहिल्या दिवशी काहीच अडवू नका. टूल फक्त रिपोर्टवर लावा आणि रेपोतल्या सगळ्या पॅकेजवर एकदा चालवा, फक्त नवीन अपलोडवर नाही, सगळ्यांवर. मग टॅगप्रमाणे मोजा. एखादा टॅग निम्म्या पॅकेजवर येत असेल तर एक तर तुमच्या टेम्पलेटमध्येच घोळ आहे किंवा तो टॅग तुमच्या कामाचा नाही, दोन्हीकडे अडवून काही साधत नाही. जो टॅग मोजक्या पॅकेजवर येतोय, त्यातली प्रत्येक केस उघडून बघा. सगळ्या खऱ्या निघाल्या तर तो कडक यादीत जायच्या लायकीचा. एखादी जरी खोटी निघाली तरी ओव्हरराइड चालणाऱ्या यादीत. अर्ध्या खोट्या असतील तर फक्त दाखवा. कंटाळवाणं काम आहे हे, पण याला शॉर्टकट नाही, कारण दुसऱ्याच्या रेपोतली यादी आणून चिकटवली की दुसऱ्याच्या अडचणीही येतात.

यादी फाइलमध्ये ठेवा, गिटमध्ये, आणि प्रत्येक टॅगपुढे आपल्या नियमांच्या पानातला कुठला नियम ते लिहा. ज्या टॅगपुढे नियमच लिहिता येत नाही तो अडवणाऱ्या यादीत नको. सीआयमध्ये लिंटियनला फेल-ऑन ऑप्शन (कुठल्या स्तराला फेल व्हायचं ते) उघड लिहून द्या, डिफॉल्टवर सोडू नका, मधल्या काळात ते डिफॉल्ट बदललेलं आहे.

टूलचं व्हर्जनही पक्कं करा, निदान जिथे अपलोड अडतं तिथे तरी. २०२२ च्या आसपास लिंटियनने आउटपुटमध्ये फाइल आणि ओळ दाखवायची पद्धत बदलली, चौकोनी कंस आले, आणि लोकांनी नीट लिहून ठेवलेले जुने ओव्हरराइड जुळेनासे झाले. पॅकेजमध्ये काहीही बदललं नव्हतं. अशा वेळी तुमचं गेट, म्हणजे अपलोड अडवणारा चेक, नवीन व्हर्जनवर आपोआप गेलं असेल तर सकाळी उठून सगळ्यांची अपलोड बंद. नवीन व्हर्जन आधी रिपोर्टवर चालवा, फरक बघा, मग गेट पुढे सरकवा. आणि टूलमध्ये नवा टॅग आला तर तो कायम "फक्त दाखवा" मध्येच येईल अशी व्यवस्था हवी, माणसाने ठरवल्याशिवाय कुठलाही टॅग वर चढणार नाही.

ओव्हरराइड म्हणजे पळवाट होऊ नये म्हणून

मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात जवळचा वाटतो, कारण कडकपणाचा खरा निकाल इथे लागतो.

ओव्हरराइडच्या वर कॉमेंट असलीच पाहिजे, आणि कॉमेंटमध्ये कारण. "लिंटियन शांत करण्यासाठी" हे कारण झालं नाही. "ही फाइल हाताने लिहिलेली आहे, लांब ओळी म्हणजे अक्षांश-रेखांशांचा डेटा आहे" हे कारण झालं. पुढचा मेंटेनर ते वाचून तपासू शकतो. कॉमेंट नसलेला ओव्हरराइड सीआयने परत पाठवावा, हा चेक मात्र खुशाल कडक ठेवा.

ओव्हरराइड नेमका असू दे. पूर्ण टॅगवर तारा लावून सगळंच झाकलं की उद्या त्याच टॅगची खरी केस आली तरी दिसणार नाही. फाइलचं नाव घाला. आणि जो ओव्हरराइड आता कशालाच लागू पडत नाही तो लिंटियन स्वतःच दाखवतं, ते वाचा आणि जुने काढून टाका.

चेकला गप्प करण्याच्या नादात काय होऊ शकतं याची डेबियनमधलीच मोठी घटना आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या पॅकेजमध्ये एक पॅच गेला, कारण व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारं टूल तक्रार करत होतं की सुरुवातीची किंमत न दिलेली मेमरी वापरली जातेय. तक्रार घालवण्यासाठी ज्या ओळी बंद केल्या त्यातल्या एकीमुळे की बनवताना लागणारा रँडमपणाच गेला, उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका साइजच्या कीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये, जवळपास दोन वर्षांनी, आणि डेबियन-उबंटूवर त्या काळात बनवलेल्या एसएसएच आणि सर्टिफिकेटच्या कितीतरी कीज लोकांना टाकून द्याव्या लागल्या. हे लिंटियनचं प्रकरण नाही आणि तिथे कोणी गेट लावून अडवलंही नव्हतं, पॅच लावण्याआधी अपस्ट्रीमला (मूळ ओपनएसएसएल लिहिणाऱ्यांना) विचारलंही गेलं होतं. तरी विचार करा, वॉर्निंग नको एवढ्यासाठी कोड बदलला गेला. ज्या चेकमधून बाहेर पडायचा प्रामाणिक मार्ग नसतो तो चेक माणसाला नेमकं हेच करायला लावतो. "ही तक्रार इथे लागू नाही" असं लिहून ठेवायला जागा असणं हे सुरक्षेचंच काम आहे.

मशीनवर सोपवू नये असं काही

लायसन्स. इथे मशीन मदत करतं, निकाल देऊ शकत नाही. फेडोराने २०२२ मध्ये एसपीडीएक्स या मानकातली ठरलेली लायसन्स नावं वापरायला सुरुवात केली, डेबियनमध्ये कॉपीराइट फाइलचा मशीनला वाचता येणारा फॉरमॅट आहे, आणि त्यामुळे लिहिलेलं नाव यादीत आहे का, फाइल नीट वाचता येते का, हे मशीन पक्कं सांगतं. ते अडवा. पण लिहिलेलं खरं आहे का हे सांगायला माणूसच लागतो, म्हणून तर डेबियनमध्ये नवीन पॅकेज माणसाच्या तपासणीच्या रांगेतून जातं.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. लोहित देवनागरी फाँट, जो रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं सांभाळला, तो आधी जीपीएल लायसन्सखाली होता आणि नंतर २०११ मध्ये ओपन फाँट लायसन्सवर गेला. आता मराठी इंटरफेस असलेलं एखादं ॲप तुम्ही पॅकेज करताय आणि त्याच्या फोल्डरमध्ये लोहितची एक कॉपी पडलेली आहे. लिंटियन एवढं पकडेल की हा फाँट दुसऱ्या पॅकेजमध्ये आधीच आहे, इथे पुन्हा नको, आणि ते बहुतेक वेळा बरोबरच, फाँट्स-लोहित-देवा वर डिपेंडन्सी टाका आणि तिकडे सिमलिंक करा. पण ही कॉपी बदलाच्या आधीची का नंतरची, म्हणजे कॉपीराइट फाइलमध्ये कुठलं लायसन्स लिहायचं, हे बघायला फाँटच्या आतली माहिती, तारीख आणि ॲपचा गिट इतिहास उघडावा लागतो. आणि ॲपच्या टेस्ट जर पीडीएफची चित्रं पिक्सेल-पिक्सेल जुळवत असतील तर तोच जुना फाँट टेस्टपुरता ठेवायला खरं कारणही असू शकतं, मग ओव्हरराइड, कारणासकट.

आणि सगळे चेक हिरवे म्हणजे पॅकेज सुरक्षित असं कोणालाही वाटू देऊ नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलमधलं बॅकडोर (चोरदार) सापडलं, ते टेस्टच्या बायनरी फाइल्समध्ये लपवलेलं होतं आणि त्याला जागं करणारी स्क्रिप्ट रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या बांधलेल्या फाइलमध्ये) होती पण गिटमध्ये नव्हती. डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत, म्हणजे पुढचं रिलीज जिथे तयार होतं तिथपर्यंत ते पोचलं होतं. पकडलं एका माणसाने, एसएसएच लॉगिनला थोडा जास्त वेळ का लागतोय याचा पिच्छा पुरवून.

गेट कुठे लावायचं

कडकपणा जागेवरही अवलंबून असतो. मेंटेनरच्या स्वतःच्या मशीनवर सगळं चालू ठेवा, पेडँटिकसकट, कारण तिथे अडतं कोणाचंच काही नाही. सीआयमध्ये थोडं कमी. डेबियनच्या साल्सा या गिट सर्व्हरवर तयार पाइपलाइन आहे ज्यात लिंटियन, ऑटोपीकेजीटेस्ट (पॅकेजच्या टेस्ट), पीयूपार्ट्स (इन्स्टॉल करून आणि काढून बघणं), रेप्रोटेस्ट (पुन्हा बिल्ड केलं तर तेच येतं का) हे जॉब वेगवेगळे चालतात आणि गरज पडली तर एकेक बंद करता येतो, तशी मोकळीक द्या. अपलोडच्या दारात फक्त ती छोटी यादी.

त्याच्या पुढे अनस्टेबलमधून (नवीन अपलोड आधी जिथे येतात) टेस्टिंगमध्ये जाण्याची पायरी आहे, आणि मला ती रचना खूप आवडते, कारण तिथे रिजेक्ट नसतं, थांबवणं असतं. पॅकेज साधारण २, ५ किंवा १० दिवस वाट बघतं, अर्जन्सीप्रमाणे. त्याच्यामुळे दुसऱ्या कोणाच्या टेस्ट तुटल्या तर ते पुढे सरकत नाही, पण अनस्टेबलमध्ये राहतं, लोक वापरून बघतात, दुरुस्ती होते. म्हणजे टेस्ट तुटणं यासारख्या, ज्यात चूक कोणाची हे शोधावं लागतं, त्या गोष्टींना इथे अडवायचं. बस्टर हे डेबियनचं रिलीज निघाल्यावर २०१९ मध्ये ठरलं की मेंटेनरने स्वतःच्या मशीनवर बिल्ड केलेली बायनरी टेस्टिंगमध्ये जाणार नाही, बिल्ड सर्व्हरवरचीच जाईल, तो नियमही याच पायरीवर लागतो. बायनरी कुठे तयार झाली हे मशीनला नेमकं माहीत असतं, त्यामुळे कडक ठेवूनही कोणावर अन्याय होत नाही.

शेवटी रिजेक्टचा मेल. हे काम करणारे बहुतेक लोक आपल्या संध्याकाळी आणि सुट्ट्या देऊन करतात, नवीन माणसाचं तर ते पहिलंच अपलोड असतं. त्याला "पॉलिसी मोडली" एवढ्या एका ओळीचा मेल गेला तर तो परत येत नाही. मेलमध्ये टॅगचं नाव, कुठली फाइल, आपल्या पानावरचा कुठला नियम, दुरुस्त कसं करायचं, ओव्हरराइड चालतो की नाही आणि चालत असेल तर तो कुठल्या फाइलमध्ये लिहायचा, एवढं सगळं आलं पाहिजे, आणि एकाच वेळी सगळ्या चुका आल्या पाहिजेत, एक दुरुस्त करून पाठवली की दुसरी असं करू नका. सोबत विचारायला एक पत्ता द्या, ज्यावर आलेला मेल खरंच कोणीतरी वाचतं. आणि त्या पत्त्यावर एकाच टॅगबद्दल लोक वारंवार तक्रार करायला लागले तर तो टॅग त्याच आठवड्यात एक पायरी खाली उतरवा, मग शांतपणे केसेस उघडून बघा की घोळ टूलमध्ये आहे, नियमात आहे, का पॅकेजमध्ये.